हवा गेलेल्या टायरचं रसग्रहण

समीक्षा आणि टायर यांची गाठ मी मारलेली नाही. ती १९०० साली फ्रान्समध्ये मारली गेली. टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीनं त्या साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली आणि फुकट वाटली. गॅरेज कुठं आहे, पेट्रोल कुठं मिळेल, रात्री पाठ कुठं टेकायची, असा सगळा प्रपंच तीत होता. हेतू अगदी सात्त्विक. लोकांनी भरपूर हिंडावं आणि टायर झिजवावेत. पुढं १९२६ पासून ही मंडळी उपाहारगृहांना तारे वाटू लागली आणि तेव्हापासून भल्याभल्या आचाऱ्यांची झोप उडाली. आता टायर विकणाऱ्यानं आमटीचं परीक्षण केलेलं जगाला चालतं, तर जन्मभर पुस्तकांची परीक्षणं लिहिलेल्या माणसानं टायरचं परीक्षण केलं म्हणून बिघडलं कुठं?

हे परीक्षण माझ्याकडं आलं ते आमच्या भाच्याकडून. हा डेट्रॉइटजवळ नोव्हाय गावात राहतो. त्याच्याकडं २००८ सालची, दुसऱ्या हातानं घेतलेली पिवळीधमक कॉर्व्हेट आहे. कॉर्व्हेट म्हणजे अमेरिकन माणसाचं तरुणपण. ते बहुतेकांना पन्नाशीच्या आसपास परवडतं. गाडीत माणसं दोन बसतात, तीही बसतात म्हणजे जमिनीवर मांडी घालायच्या बेतानं खाली उतरतात. या गाडीचे टायर बदलायचे होते. भाच्यानं चार कंपन्यांची माहितीपत्रकं आणि मोटारींच्या मासिकांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही चाळीस वर्षं परीक्षणं लिहिलीत. यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती, एवढंच सांगा." टायरच्या बाबतीत फुगवणं हा दोष नव्हे, हे मी त्याला सांगितलं नाही.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. हा रनफ्लॅट टायर. म्हणजे हवा गेल्यावरही चालणारा. आपली अशी समजूत असते, की गाडीचं ओझं टायर उचलतो. ओझं उचलते ती आतली हवा. टायर नुसतं पोतं. हवा गेली की पोतं रिमखाली चेपतं, त्याला घडी पडते, दर फेऱ्याला ती घडी तापत जाते आणि थोड्याच अंतरात टायरच्या चिंध्या होतात. रनफ्लॅटवाल्यांनी काय केलं, तर पोत्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत कडक रबराचा जाड थर घातला. हवा गेली तरी भिंती उभ्या! मग साधारण ताशी ८० किलोमीटरच्या वेगानं ८० किलोमीटर जाता येतं. त्यापुढं मात्र त्या भिंतीही तापून हात टेकतात.

कल्पना आजची नाही. डनलॉपनं डेनोव्हो नावाचा असा टायर काढला होता आणि १९७४ पासून इंग्लंडातल्या मिनी १२७५ जीटीवर तो मिळत असे. त्यात चाकाच्या आत वंगणाचे छोटे डबे असत. हवा गेली की डबे फुटायचे, वंगण आत पसरायचं. आपल्याला डनलॉप म्हटलं की गादी आठवते, पण मूळचा जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसतात म्हणून त्यानं १८८८ साली हवेचा टायर बनवला. हे लक्षात ठेवा. टायरमध्ये हवा घातली ती लेकराला धक्के बसू नयेत म्हणून. पुढं त्याच धंद्यानं हवेशिवाय चालणारा टायर काढला आणि धक्के पुन्हा लेकरांच्या पाठीत घातले.

कारण या टायरवरचा पहिला आक्षेप तोच आहे. भिंत कडक केली की ती फक्त पंक्चर झाल्यावर कडक राहत नाही, रोज कडक राहते. जे संकट वर्षा-दोन वर्षांत एकदा यायचं, त्याचा हप्ता दर किलोमीटरला भरायचा. विम्याचं तत्त्व, दुसरं काय! आयुर्विम्याच्या एजंटाशी ज्याची ओळख आहे त्याला हा टायर लगेच कळेल. मोटारीच्या मासिकांत मात्र ही गोष्ट फार नाजूकपणे लिहितात. तिथले परीक्षक म्हणतात, या टायरचा रस्त्याशी 'संवाद' चांगला आहे. आमच्याकडं कवितासंग्रहाबद्दल काहीच सुचलं नाही की 'संवाद' हा शब्द घालायची पद्धत आहे. मी भाच्याबरोबर त्या गाडीतून नोव्हाय ते अ‍ॅन आर्बर असा प्रवास केला. संवाद झाला खरा. पण तो रस्ता आणि माझे मणके यांच्यात झाला, आणि भाषा रस्त्याची होती.

मिशिगनचे रस्ते म्हणजे काय चीज आहे, ते तुम्हाला सांगायला हवं. आपली समजूत, खड्डे ही आपली मक्तेदारी. पण तिथं हिवाळ्यात फटींत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं आणि वसंत ऋतूत फुलांच्या आधी खड्डे उमलतात. २०१८ साली त्या राज्याच्या राज्यपालपदाची निवडणूक खराब रस्त्यांच्या प्रश्नावर लढवली गेली आणि जिंकली गेली. मला क्षणभर कोथरूडमध्येच असल्यासारखं वाटलं. कॉर्व्हेटचं तर खड्ड्यांशी घराण्याचं नातं आहे. तिचा कारखाना केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनला. तिथंच तिचं संग्रहालय. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी पहाटे त्या संग्रहालयाची जमीनच खचली आणि भल्यामोठ्या विवरात एकदम आठ कॉर्व्हेट गेल्या. खड्डा गाडीच्या वाटेत येतो, हे आपण जाणतो. पण गाडी घरात निवांत उभी असताना खड्डा तिच्याकडं येतो, हे फक्त तिथंच घडलं. तिथं कुठला टायर काय करणार?

पण साध्या खड्ड्यातही रनफ्लॅट सर्वशक्तिमान नाही, हे माहितीपत्रकात बारीक टायपात आहे. खिळा घुसून हवा गेली तर हा टायर मर्द. पण खड्ड्याच्या धारेवर आपटून बाजूची भिंतच चिरली, तर जिच्या जिवावर चालायचं तीच गेली. भाच्याच्या गाडीला पुढं २४५/४० चे अठरा इंची आणि मागं २८५/३५ चे एकोणीस इंची टायर आहेत. यातला दुसरा आकडा म्हणजे रुंदीच्या मानानं भिंतीची उंची, शेकडा. हिशेब केला तर पुढं-मागं दोन्हीकडं भिंत जेमतेम दहा सेंटिमीटर भरते. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये एवढाच पडदा.

बरं, पुढचे टायर वेगळे आणि मागचे वेगळे, म्हणजे अदलाबदल करून झीज सारखी करायचीही सोय नाही. आणि स्टेपनी ठेवायची म्हटली तर कुठली ठेवणार, पुढची की मागची? म्हणून ठेवलीच नाही. १९९७ पासून कॉर्व्हेटला स्टेपनी नाही.

स्टेपनी! हा शब्द मी शेजारच्या अमेरिकन गृहस्थांपुढं उच्चारला, तर त्यांना ते माझ्या बहिणीचं नाव वाटलं. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथं स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं. चाकाला रस्त्याचं नाव पडलं. ते चाक गेलं, इंग्रजीतून तो शब्दही जवळजवळ गेला. राहिला तो आपल्याकडं, फियाटच्या डिकीत आणि ट्रकच्या पोटाखाली. आमच्या लहानपणी खंडाळ्याच्या घाटात पंक्चर झालं की स्टेपनी काढायच्या निमित्तानं डिकीतलं सगळं सामान रस्त्यावर यायचं, त्यात दशम्यांचा डबा सापडायचा आणि चाक बदलेपर्यंत जेवण उरकायचं. रनफ्लॅटनं ती सोय नाहीशी केली. त्याबद्दल कुठल्याही मासिकानं चकार शब्द काढलेला नाही.

आता या वाङ्मयाच्या परिभाषेकडं वळू. एकाच वस्तूला जेवढ्या कंपन्या तेवढी नावं. ब्रिजस्टोनचा आरएफटी, कॉन्टिनेंटलचा एसएसआर, गुडइयरचा ईएमटी, डनलॉपचा डीएसएसटी आणि मिशेलिनचा झेडपी. मराठी माणूस या शेवटच्या नावापाशी थबकतो. आपल्याकडं झेडपी म्हणजे जिल्हा परिषद. भाच्यानं खुलासा केला, की झेडपी म्हणजे झीरो प्रेशर, दाब शून्य. मी म्हटलं, मग नक्कीच आपली नव्हे. तिथं दाब नाही असा दिवस मी पाहिलेला नाही.

टायरच्या अंगावर जो मजकूर कोरलेला असतो, तो मात्र खरोखर वाचण्यासारखा. मी पुस्तकाचं आधी मलपृष्ठ आणि मग प्रकाशनवर्ष बघतो, त्याच सवयीनं भाच्याच्या जुन्या टायरपाशी उकिडवा बसलो. डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. २००० सालापासून तिच्या शेवटच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. भाच्याच्या टायरवर होतं ३८११. म्हणजे २०११ सालातला अडतिसावा आठवडा. नक्षी अजून शाबूत होती, कारण ही गाडी हिवाळाभर गॅरेजात गोधडी पांघरून झोपते. आपल्या घरात हे टायर 'अजून चालतील' या सदरात गेले असते आणि पुढं दहा वर्षं चालले असते. पण रबर उभ्या-उभ्याही म्हातारं होतं. कडक होतं, ओल्या रस्त्यावर धरेनासं होतं. मिशेलिनवाले स्वतःच सांगतात, की नक्षी असो-नसो, दहा वर्षांच्या पुढं टायर ठेवू नका. टायर विकणारा 'नवीन घ्या' म्हणतो त्यात नवल नाही. पण या एका बाबतीत तो खरं बोलतो आहे असं माझं मत आहे. भाच्याला मी पहिला शेरा हाच दिला: कुठला घ्यायचा ते नंतर बघू, हे आधी काढ.

अमेरिकेत टायरवर आणखी एक आकडा असतो, झीज किती होईल त्याचा. शंभराला सामान्य धरायचं, दोनशे म्हणजे दुप्पट टिकाऊ, वगैरे. त्यासाठी टेक्सासमध्ये सॅन अँजेलो गावाजवळ ठरावीक रस्त्यांवरून गाड्यांचे ताफे साडेअकरा हजार किलोमीटर पळवतात. ऐकायला भारदस्त. पण शेवटी आकडा कोण देतं? टायरची कंपनीच. स्वतःच पेपर लिहायचा आणि स्वतःच मार्क द्यायचे. तेव्हा एका कंपनीच्या तीनशेची दुसऱ्या कंपनीच्या तीनशेशी तुलना करणं, म्हणजे दोन कवींच्या आत्मचरित्रांवरून त्यांतला मोठा कवी कोण ते ठरवणं. मी ते काम सोडून दिलं. युरोपात २०१२ पासून टायरला ओल्या रस्त्यावरची पकड, इंधन आणि आवाज यांची श्रेणी सांगणारी चिठ्ठी लावतात, ती त्यातल्या त्यात बरी.

वेगाचं अक्षर तर काव्यच. भाच्याच्या गाडीला लागणारा वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. मिशिगनच्या बहुतेक मोठ्या रस्त्यांवर मर्यादा ७० मैलांची, म्हणजे ११३ किलोमीटरची. आणि ही गाडी मुख्यतः कोथिंबीर आणायला जाते.

मग घ्यावा का हा टायर? मासिकांत याबद्दल दोन तट आहेत आणि आमच्या नवकवितेच्या वादातही नव्हता एवढा कडवटपणा त्यांच्यात आहे. रनफ्लॅटविरोधकांचा खरा हुकमाचा पत्ता कंपनीनंच त्यांच्या हातात दिलेला आहे. २००१ साली कॉर्व्हेटचीच एक जास्त तडफदार आवृत्ती निघाली, झेड०६ नावाची. तिला वजन कमी करायचं होतं. त्यांनी काय केलं, तर रनफ्लॅट काढून साधे टायर घातले आणि सोबत हवा भरायचा छोटा पंप आणि भोक बुजवणाऱ्या द्रवाचा डबा दिला. म्हणजे गाडी खरोखर चालवायची म्हटल्यावर घरच्यांनीच हा टायर उतरवून ठेवला. लेखकानं स्वतःच्या निवडक कवितांतून एखादी गाळावी, त्यातला प्रकार.

माझा स्वतःचा आक्षेप याहून साधा आहे. हा टायर तुम्हाला दुकानापर्यंत नेतो, हे कबूल. पण दुकानात टायर असतो का? भाच्याला उन्हाळ्यात बोलिंग ग्रीनला ते संग्रहालय बघायला जायचंय. एका बाजूनं साडेसातशे किलोमीटर. समजा मध्ये ओहायोत कुठं हवा गेली. ८० किलोमीटर रांगत-रांगत गाव गाठलं. गावात टायरचं दुकान आहे, दुकानात मालक आहे, मालक सज्जन आहे. पण २८५/३५ चा एकोणीस इंची रनफ्लॅट तो कशाला ठेवेल? मका पेरणाऱ्यांचा मुलूख तो. 'परवा येईल' म्हणेल. साध्या टायरवाला रस्त्यात अडकतो, रनफ्लॅटवाला लॉजमध्ये अडकतो, एवढाच फरक. शिवाय साध्या टायरचं बारीक भोक आतून ठिगळ लावून बुजवता येतं. हवा नसताना चालवलेला रनफ्लॅट दुरुस्त करायला बरेच दुकानदार नकार देतात आणि त्यांचंही चुकत नाही, कारण भिंत आतून किती भाजली ते बाहेरून दिसत नाही. म्हणजे ज्याला पंक्चर होऊनही चालायची कला येते, त्याचं पंक्चर काढता येत नाही. आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याची पाण्याची घमेली आणि त्यातले बुडबुडे आठवून मला गहिवरून आलं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर निकाल स्पष्ट होता: साधे टायर घ्या, पंप ठेवा, पाठ वाचवा. भाच्याचाही कल तिकडंच होता. पण परीक्षण करताना एक प्रश्न विचारायची माझी जुनी खोड आहे. हे पुस्तक वाचणार कोण? म्हणून मी विचारलं, "ही गाडी तुझ्याशिवाय आणखी कोण चालवतं?"

"मी चालवते," भाचेसून आतून म्हणाली.

ती इस्पितळात नर्स आहे. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा हीच गाडी घेऊन ती रात्रपाळीला जाते. घरापासून इस्पितळ तीस-पस्तीस किलोमीटर. पाळी कधी रात्री दोनला सुटते. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, तो रस्त्याशी संवाद वगैरे यांचं चालू द्या. मला रात्री अडीच वाजता हायवेच्या कडेला उतरून त्या डब्यातलं औषध टायरमध्ये भरायचं नाही. शेजारून ट्रक जातात ना, तेव्हा उभी गाडीसुद्धा हलते."

यावर टीकाकारानं काय बोलावं? तोवर वाचलेल्या सगळ्या मासिकांत हा वाचक कुठंच नव्हता. वळणावर गाडी कशी बसते, ब्रेक कुठं लागतो, सुकाणूत काय जाणवतं, याची पानंच्या पानं होती. कडेला उभं राहण्याबद्दल एक ओळ नव्हती. पस्तीस किलोमीटरच्या वाटेवर हवा कुठंही गेली तरी ८० किलोमीटरच्या हिशेबात घर नाहीतर इस्पितळ येतंच. बोलिंग ग्रीनच्या वाटेवर जो टायर मला फसवा वाटला, तोच या वाटेवर शब्दाला जागणारा होता. एरवी मी दोन्ही बाजू मांडून 'वाचकांनी ठरवावं' असं लिहून मोकळा होतो. इथं वाचकानं ठरवलेलं होतं.

मग उरला तपशील. चारही टायर रनफ्लॅटच हवेत. पुढं साधे आणि मागं रनफ्लॅट असली भेसळ चालत नाही, दोघांच्या चाली वेगळ्या. उन्हाळी टायर पकडीला सरस, पण थंडीत त्यांचं रबर दगड होतं, आणि मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या रात्रीचा भरवसा नाही. म्हणून बारमाही. नव्या पिढीतले रनफ्लॅट पहिल्यांइतके कडक नाहीत असा बऱ्याच परीक्षकांचा निर्वाळा होता आणि या एका मुद्द्यावर दोन्ही तटांचं जमत होतं, तेव्हा तो मी ग्राह्य धरला. शेवटी मिशेलिनचे बारमाही झेडपी घ्यायचं ठरलं. हजार डॉलरांच्या बरंच वर बिल झालं. आणि मी बजावून सांगितलं, की काचेमागं हवेचा दाब दाखवणारा जो आकडा आहे त्याच्याकडं नजर ठेवायची. या टायरची हवा गेलेली डोळ्यांना दिसत नाही, तो सांगेल तेव्हाच कळते. बोलिंग ग्रीनला मात्र दुसऱ्या गाडीनं जा, हेही सांगितलं. ते भाच्याला पटलेलं नाही. कॉर्व्हेटच्या माहेरी दुसऱ्या गाडीनं जाणं त्याला अपशकुन वाटतं.

टायर बसवायला गेलो तेव्हा दुकानातल्या पोरानं त्या भिंतीशी पंधरा मिनिटं झटापट केली. कडक भिंतीचा टायर रिमवर चढवायचे तिथं जादा पैसे घेतात. ते रास्त होतं, घाम माझ्यासमोर गाळला होता. पण बिलात खाली आणखी एक ओळ होती, जुने चार टायर ठेवून घेण्याबद्दलची. मला वाटलं, एवढे पैसे ते आपल्याला देणार. आपल्याकडं जुना टायर म्हणजे चपलांचे तळवे, विहिरीवरच्या बादल्या, बंदरात बोटीला बांधायचे हार. मी भाच्याला म्हटलं, अजून थोडे मागून बघ. तो म्हणाला, "मामा, हे आपण त्यांना द्यायचेत." आणि त्यानं मुकाट्यानं दिले.